शेवटची जागा दोघांना

28 जानेवारी 2019. टोरंटोत दुपारचे बारा, व्हँकुव्हरमध्ये सकाळचे नऊ आणि पुण्यात रात्रीचे साडेदहा. त्या क्षणी कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याने एक ऑनलाइन फॉर्म खुला केला. कॅनडात स्थायिक झालेल्यांना आपल्या आई-वडिलांना, आजी-आजोबांना कायमचे बोलावून घ्यायचे असेल तर आधी या फॉर्मवर इच्छा नोंदवायची होती. तत्त्व सरळ होते : जो आधी येईल त्याचा नंबर आधी. त्या वर्षी 20,000 पूर्ण अर्ज घ्यायचे ठरले होते, त्यासाठी 27,000 नोंदी स्वीकारल्या गेल्या आणि दहा-अकरा मिनिटांत फॉर्म बंद झाला. प्रयत्न करणारे लाखाच्या वर होते. परदेशी राहणाऱ्या मराठी घरांत आई-बाबांना आणण्याचा विषय किती जिवाचा असतो हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे त्या दुपारची चर्चा पुढे बरेच दिवस चालू राहिली. बहुतेकांचा प्रश्न एकच होता : मी तर बाराच्या ठोक्याला बसलो होतो, मग माझे काय चुकले?

हा प्रश्न खात्याला विचारण्याआधी सर्व्हरला विचारून पाहण्यासारखा आहे. हजारो माणसे एकाच क्षणी एकाच गोष्टीसाठी हात पुढे करतात तेव्हा सर्व्हरच्या आत काय घडते, हा वेब प्रोग्रॅमिंगमधला अतिशय नाजूक भाग आहे. तो शिकवताना बहुतेक वेळा घाईने उरकला जातो, आणि शिकणाऱ्यालाही तो परीक्षेपुरता वाटतो. प्रत्यक्षात कुणाची जागा, कुणाचे पैसे आणि क्वचित कुणाचा जीवही त्यावर अवलंबून असतो.

हिशेब करून पाहू. अकरा मिनिटांत 27,000 म्हणजे सेकंदाला सरासरी चाळीस नोंदी. आजच्या सर्व्हरला हा आकडा मोठा नाही. पण या चाळीस नोंदी एकीचे काम संपल्यावर दुसरी अशा शहाण्या क्रमाने येत नाहीत. त्या एकमेकींत गुंतलेल्या येतात. एकीचे काम अर्धे झालेले असते तेव्हा दुसरीचे सुरू होते, तिसरी मध्येच पुढे निघून जाते.

सर्व्हरकडे आलेली प्रत्येक रिक्वेस्ट साधारणपणे एका थ्रेडकडे सोपवली जाते. प्रोग्रॅममधल्या सूचना क्रमाने पार पाडत जाणारी एक धार म्हणजे थ्रेड. अशा अनेक धारा एकाच वेळी चालू असतात. जावामध्ये लिहिलेल्या वेबसाइटी ज्यावर चालतात तो टॉमकॅट सर्व्हर घेतला, तर काहीही न बदलता तो जास्तीत जास्त 200 थ्रेड चालवतो. त्यानंतर आलेल्या रिक्वेस्टला कुणीतरी मोकळे होईपर्यंत थांबावे लागते. या 200 थ्रेडना सूचना वाचण्याची जागा स्वतंत्र असते, पण मेमरी सामाईक असते. सगळा घोळ या सामाईकपणात आहे.

नवख्या जावा प्रोग्रॅमरच्या हातून हमखास घडणारी एक गोष्ट सांगतो. सर्व्हलेट नावाचा जो घटक रिक्वेस्टला उत्तर देतो, त्याचा एकच ऑब्जेक्ट तयार होतो आणि सगळे थ्रेड त्याच ऑब्जेक्टमधून जातात. लॉग-इन केलेल्या माणसाचे नाव त्या ऑब्जेक्टच्या एखाद्या फील्डमध्ये ठेवले, तर प्रोग्रॅमरच्या स्वतःच्या लॅपटॉपवर सगळे अगदी बरोबर चालते, कारण तिथे वापरणारा एकटाच असतो. साइट खुली झाली की पहिल्या माणसाचे नाव फील्डमध्ये बसते, त्याचे पान तयार होण्याआधी दुसऱ्याचे नाव तिथे येऊन बसते आणि पहिल्याला दुसऱ्याचे खाते दिसते. कुणी चोरी केलेली नाही, पासवर्ड फुटलेला नाही. एकच पाटी दोघांनी वापरली, एवढेच झाले. तेच नाव फील्डऐवजी मेथडच्या आतल्या चलात ठेवले असते तर प्रत्येक थ्रेडकडे आपापली प्रत राहिली असती. इतक्या छोट्या फरकाने एखाद्या दवाखान्याच्या साइटवर एका रुग्णाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या पडद्यावर जाऊ शकतो.

आता शेवटच्या जागेकडे येऊ. समजा, असाच एखादा फॉर्म आहे आणि एकच जागा उरली आहे. ब्रॅम्प्टनहून अनघा आणि कॅल्गरीहून समीर, दोघांनी एकाच सुमारास बटण दाबले. प्रोग्रॅम साधा आहे : किती जागा उरल्या ते वाच, शून्याहून जास्त असतील तर त्यातून एक वजा करून परत लिही, माणसाला पोच दे. अनघाच्या थ्रेडने वाचले : एक. तेवढ्यात ऑपरेटिंग सिस्टिमने तो थ्रेड बाजूला ठेवून समीरचा पुढे घेतला. ती असे सतत करत असते आणि ते कधी करायचे हे प्रोग्रॅमरच्या हातात नसते. समीरच्या थ्रेडनेही वाचले : एक. एक वजा केला, शून्य लिहिले, समीरला पोच दिली. मग अनघाचा थ्रेड जागा झाला. त्याच्याकडे आधी वाचलेला 'एक' अजून आहे आणि तो शिळा झाल्याचे त्याला कळायला मार्ग नाही. त्यानेही एक वजा केला, शून्य लिहिले, अनघाला पोच दिली.

यात जीव खाणारी गोष्ट अशी की शेवटी काउंटर शून्यच दाखवतो. हिशेबाच्या वहीत काही चुकलेले दिसत नाही. ऋण आकडा आला असता तर कुणाच्या तरी लक्षात आले असते. इथे वही चोख राहते आणि एक जागा दोन माणसांना दिलेली असते. हे उघडकीला येते ते आठवड्यांनी, कुणीतरी याद्या ताडून पाहिल्यावर.

या प्रकाराला रेस कंडिशन म्हणतात. कोण आधी पोहोचतो यावर उत्तर बदलत असेल तर तिथे ही शर्यत आहे असे समजावे. वाचणे आणि लिहिणे यांच्यामध्ये राहिलेली फट हे तिचे मूळ. एका ओळीत लिहिलेली वजाबाकीसुद्धा सुरक्षित नसते, कारण प्रोसेसरच्या दृष्टीने त्या एका ओळीची तीन कामे होतात : आणणे, वजा करणे, परत ठेवणे. फट तिथेही असतेच, फक्त जास्त अरुंद. नोड-जेएस वापरणारे काही जण म्हणतात की आमच्याकडे एकच थ्रेड आहे, आम्हाला ही भीती नाही. दोन ओळींमध्ये थांबा नसेल तोवर ते खरे आहे. पण वाचायला डेटाबेसकडे जावे लागले की तो एकुलता थ्रेड उत्तराची वाट पाहत बसत नाही, मधल्या वेळात दुसरी रिक्वेस्ट हाती घेतो. फट परत उघडली.

रेल्वेचे आरक्षण संगणकावर येण्याआधी एका गाडीचा तक्ता एका खिडकीवर, एका कारकुनाच्या हाताखाली असे. रांग लांब असली तरी एकच बर्थ दोघांना जाणे अवघड होते, कारण वही एक, पेन एक आणि लिहिणारा हात एक. वाचणे आणि लिहिणे यांच्यामध्ये दुसरा हात शिरायला जागाच नव्हती. लॉक नावाची युक्ती सर्व्हरच्या आत नेमके हेच घडवून आणते.

डच संगणकशास्त्रज्ञ एडस्गर डायक्स्ट्रा यांनी 1960 च्या दशकात सेमाफोर ही कल्पना मांडली. एखाद्या सामाईक गोष्टीपाशी जाण्याआधी परवानगी घ्यायची, काम झाले की ती परत करायची. मधल्या वेळात दुसरा आला तर त्याने थांबायचे. आजच्या बहुतेक भाषांमधली लॉकची साधने याच कल्पनेच्या आगेमागे जन्मलेली आहेत. जावात मेथडच्या आधी सिंक्रोनाइज्ड हा एक शब्द लिहिला की त्या ऑब्जेक्टपुरता एका वेळी एकच थ्रेड त्या मेथडमध्ये शिरतो. समीरचा थ्रेड आत असेल तर अनघाचा दारात थांबेल, आत आल्यावर तिला शून्य दिसेल, आणि तिला 'जागा संपल्या' असे खरे उत्तर मिळेल. वाईट बातमी, पण खरी.

इथपर्यंत पुष्कळ जण येतात आणि मग सगळीकडे सिंक्रोनाइज्ड लिहीत सुटतात. लॉकची किंमत किती असते ते पाहा. जागा वजा करण्याबरोबर पोचेचा ईमेल पाठवणेही लॉकच्या आत ठेवले आणि ईमेलला एक पंचमांश सेकंद लागला, तर सेकंदाला पाचच माणसे पुढे सरकतील. 27,000 नोंदींना दीड तास लागेल, मग सर्व्हरला 200 थ्रेड असोत की 2,000. तेच लॉकच्या आत फक्त वाचणे, वजा करणे आणि लिहिणे ठेवले व त्याला एक मिलिसेकंद लागला, तर सेकंदाला हजार. ईमेल, पैशांच्या गेटवेशी बोलणे, फाइल लिहिणे ही कामे लॉकच्या बाहेर काढणे हा मला या विद्येतला सर्वांत महत्त्वाचा संस्कार वाटतो. लॉक किती वेळ धरला जातो हे कोडमध्ये डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते मुद्दाम शोधावे लागते.

दुसरे संकट डेडलॉकचे. अनघाच्या खात्यातून समीरच्या खात्यात पैसे जात आहेत आणि त्याच क्षणी समीरच्या खात्यातून अनघाच्या. पहिल्या थ्रेडने अनघाचे खाते लॉक केले आणि तो समीरच्या खात्याची वाट पाहतोय. दुसऱ्याने समीरचे लॉक केले आणि तो अनघाच्या खात्याची वाट पाहतोय. दोघेही सभ्यपणे थांबलेत, आणि सर्व्हर पुन्हा चालू करेपर्यंत थांबूनच राहतील. उपाय अगदी साधा आहे : लॉक नेहमी एकाच क्रमाने घ्यायचे, उदाहरणार्थ लहान खातेक्रमांक आधी. बहुतेक डेटाबेस असा तिढा स्वतः ओळखतात आणि दोघांपैकी एकाला माघारी धाडतात. मेमरीतल्या लॉकला तशी सोय नाही.

पण खऱ्या जगात सिंक्रोनाइज्डने भागत नाही, कारण सर्व्हर एक नसतो. गर्दीच्या साइटमागे दहा-वीस मशीन असतात आणि रिक्वेस्ट त्यांच्यात वाटल्या जातात. पहिल्या मशीनच्या मेमरीतला लॉक दुसऱ्या मशीनला ठाऊकच नसतो. दहा खिडक्यांवर दहा पहारेकरी, प्रत्येक जण आपापल्या खिडकीपुरता प्रामाणिक. अशा वेळी पहारा सामाईक वस्तू जिथे आहे तिथे, म्हणजे डेटाबेसमध्ये बसवावा लागतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे : वाचणे आणि लिहिणे ही दोन्ही कामे एका ट्रान्झॅक्शनमध्ये घातली की झाले. ट्रान्झॅक्शनने काम पूर्ण तरी होईल नाही तर अजिबात होणार नाही याची हमी मिळते. दोन ट्रान्झॅक्शन एकमेकींपासून किती अलग राहतील हे मात्र आयसोलेशनच्या पातळीवर ठरते, आणि पोस्टग्रेस किंवा ओरॅकल या डेटाबेसची मूळ पातळी सर्वांत कडक नसते. दोन ट्रान्झॅक्शन निवांतपणे तोच 'एक' वाचू शकतात आणि दोन्ही शून्य लिहू शकतात. म्हणून वाचणे आणि लिहिणे वेगळे ठेवूच नये. डेटाबेसला एकाच आज्ञेत सांगावे : उरलेल्या जागा शून्याहून जास्त असतील तरच एक वजा कर, आणि किती ओळी बदलल्या ते मला सांग. उत्तर 'एक' आले तर जागा मिळाली. 'शून्य' आले तर नाही. फट डेटाबेसच्या आत गेली आणि तिथे ओळीवरच्या लॉकने बुजली. ज्यांना आधी वाचून, विचार करून मग लिहायचे असते, त्यांनी वाचतानाच ओळ लॉक करावी किंवा ओळीला आवृत्तीचा क्रमांक द्यावा आणि लिहिताना 'आवृत्ती अजून तीच असेल तरच' अशी अट घालावी. दुसऱ्या पद्धतीत कुणी थांबत नाही. हरलेला पुन्हा प्रयत्न करतो. भांडण क्वचित होणार असेल तेव्हा ती चांगली. एकाच काउंटरवरच्या जागांसाठी हजार जण झोंबत असतील तर एका वेळी एकच जिंकतो, बाकीचे पुन्हा पुन्हा हरतात आणि सर्व्हर त्यांच्या निष्फळ फेऱ्यांनीच दमतो.

कॅनडातच याचे रोजचे उदाहरण आहे. ओटावाची शॉपिफाय ही कंपनी, जिचा उगम टोबी ल्युट्के यांच्या स्नोबोर्ड विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात झाला आणि जी 2006 पासून इतरांना दुकान थाटून देते, तिच्या ग्राहकांत ठरावीक मिनिटाला मर्यादित माल खुला करणारे विक्रेते पुष्कळ. शॉपिफायचा गाभा रुबी भाषेत आहे आणि अनेक वर्षे तो युनिकॉर्न नावाच्या सर्व्हरवर चालत होता. त्यात एका प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतःची वेगळी मेमरी असलेल्या चालू प्रोग्रॅममध्ये, एका वेळी एकच रिक्वेस्ट घेतली जाते, थ्रेड मेमरी वाटून घेत नाहीत, त्यामुळे वर सांगितलेला नावांचा गोंधळ मुळातच टळतो. मेमरी जास्त लागते, पण डोक्याचा ताप कमी होतो. हा सौदा मला पुष्कळ ठिकाणी शहाणपणाचा वाटतो. तरीही शेवटच्या बुटाच्या जोडासाठी दोन प्रोसेस डेटाबेसच्या त्याच ओळीशी पोहोचतात, आणि ती फट तिथेच बुजवावी लागते. प्रोसेस वेगळ्या केल्याने मेमरी वेगळी झाली. माल वेगळा झाला नाही.

शिवाय माणसे बटण दोनदा दाबतात. पान अडकले की हात आपोआप परत जातो, मोबाइल नेटवर्क तुटले की कधी कधी ब्राउझर स्वतःच पुन्हा पाठवतो. सर्व्हरला त्या दोन स्वतंत्र रिक्वेस्ट दिसतात, बहुधा दोन वेगळ्या मशीनवर. म्हणून फॉर्म उघडतानाच त्याला एक खूण द्यायची आणि डेटाबेसमध्ये ती खूण एकदाच येऊ शकेल असे बंधन घालायचे. दुसरी रिक्वेस्ट आली की तिला नवी नोंद मिळत नाही, पहिल्याच नोंदीची पोच मिळते. आधी शोधून पाहायचे आणि नसेल तर घालायची, असे केले तर पुन्हा तीच फट. बंधनच हवे.

एवढे सगळे केले तर 27,000 जागा 27,000 माणसांनाच जातील. पण जो आधी आला त्यालाच गेल्या का? इथे तंत्र आणि न्याय वेगळे होतात, आणि याबद्दल प्रोग्रॅमर फारसे बोलत नाहीत. लॉक 'एका वेळी एक' एवढेच पाळतो. जावातला रीएन्ट्रंटलॉक मुद्दाम सांगितल्याशिवाय थांबलेल्यांचा क्रम पाळत नाही. जो थ्रेड नेमका त्या क्षणी जागा असेल तो आत शिरू शकतो, कारण त्याने वेग वाढतो. त्याआधी रिक्वेस्ट कुठून आली, वाटेत किती थांबली, कोणत्या मशीनकडे गेली, तिथे थ्रेड मोकळा होता का, हे सगळे झालेले असते. त्याच्याही आधी फॉर्म भरणाऱ्याची बोटे. बाराच्या ठोक्याला बसलेला माणूस आणि सर्व्हरने 'पहिला' म्हणून नोंदवलेला माणूस यांच्यात इतके टप्पे आहेत की 'आधी येईल त्याला' हा शब्द सर्व्हरच्या दारात पोहोचेपर्यंत वेगळाच होऊन जातो.

कॅनडाने याच प्रश्नावर बरेच प्रयोग केले आहेत. 2017 च्या आधी अर्ज कागदावर मिसिसागाच्या कार्यालयात जात. तेव्हा पहिल्या दिवशी पोहोचण्यासाठी लोक कुरियरवाल्यांना पैसे देऊन दारात उभे करत. 2017 आणि 2018 मध्ये सोडत काढली, तर नशिबावर सोडल्याबद्दल टीका झाली. म्हणून 2019 मध्ये ऑनलाइन रांग आली, आणि ज्यांची बोटे झरझर चालत नाहीत, ज्यांना अपंगत्वामुळे टायपिंगला वेळ लागतो, ज्यांचे इंटरनेट मंद आहे ते मागे पडले. काही जण न्यायालयात गेले आणि तडजोडीत सुमारे 70 जणांना अर्जाची संधी द्यावी लागली. 2020 मध्ये खाते परत सोडतीकडे वळले : 13 ऑक्टोबर ते 3 नोव्हेंबर फॉर्म खुला, मग चिठ्ठ्या. त्याच नोंदींमधून पुढची काही वर्षे नावे निघत राहिली.

नशीब हा न्याय आहे का, यावर घरोघरी मतभेद असतील. वर्षानुवर्षे नाव न निघालेल्यांचे दुःख खरे आहे. पण सर्व्हरच्या बाजूने पाहिले तर सोडतीची रचना फार समंजस आहे. नोंदणीच्या तीन आठवड्यांत 'किती उरल्या' हा सामाईक आकडा कुणी वाचतच नाही. प्रत्येक नोंद आपली स्वतंत्र ओळ घालते आणि निघून जाते. दोन माणसांत ओढाताण होईल अशी वस्तूच तिथे नसते. निवड नंतर, एकाच ठिकाणी, एकाच हाताने होते. लॉक अधिक हुशारीने लावण्यापेक्षा लॉकची गरजच पडू नये अशी रचना करता येते का, हे आधी पाहावे असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आपल्याकडच्या तत्काळ तिकिटांच्या सकाळी दहाच्या आणि अकराच्या झुंबडीकडेही या नजरेने पाहण्यासारखे आहे.

रेस कंडिशनची खरी भीती वेगळीच आहे : ती लपते. 14 ऑगस्ट 2003 ला ओंटारियो आणि अमेरिकेची आठ राज्ये अंधारात गेली, सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली, टोरंटोतले सिग्नल बंद पडले. वीजजाळे कोसळण्यामागे अनेक कारणे होती. त्यांतले एक ओहायोतल्या वीजकंपनीच्या नियंत्रण कक्षात होते. तिथली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा दुपारी सव्वादोनच्या सुमारास गप्प झाली. दोन प्रोसेसना एकाच वेळी एकाच माहितीवर लिहायला मिळाले, ती माहिती बिघडली आणि सूचना देणारा प्रोग्रॅम स्वतःभोवतीच फिरत राहिला. कक्षातल्या लोकांना वाटले सगळे ठीक आहे, कारण धोक्याची घंटा वाजत नव्हती. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकला ही चूक सापडायला कित्येक आठवडे लागले. त्याआधी जगभर मिळून तीस लाखांहून अधिक तास ते सॉफ्टवेअर चालले होते आणि ती फट एकदाही समोर आली नव्हती.

कॅनडाच्या वाट्याला याहून दुःखद प्रकरण आलेले आहे. ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या सरकारी मालकीच्या कंपनीने कर्करोगावर किरणोपचार करणारे थेरॅक-25 हे यंत्र बनवले. अशी अकरा यंत्रे बसवली गेली : सहा कॅनडात, पाच अमेरिकेत. 1985 ते 1987 या काळात सहा रुग्णांना प्रचंड जास्त किरणे मिळाली. त्यांतले एक प्रकरण ओंटारियोतल्या हॅमिल्टनचे, जुलै 1985 मधले. कंपनीने तेव्हा एका छोट्या स्विचवर संशय घेतला, त्यानुसार दुरुस्ती केली, यंत्र अनेक पटींनी सुरक्षित झाल्याचे जाहीर केले. मार्च 1986 मध्ये टेक्ससमधल्या टायलर शहरात यंत्र चालवणाऱ्या चालिकेने उपचाराचा प्रकार म्हणून ई या अक्षराऐवजी एक्स टाइप केले. इलेक्ट्रॉनच्या झोताऐवजी एक्स-रे. तिला चूक लगेच दिसली. बाणाच्या बटणाने ती वर गेली, अक्षर बदलले, भराभर एंटर दाबत खाली आली. पडद्यावर ई दिसत होते. पण यंत्रातल्या चुंबकांची जुळवाजुळव करायला सुमारे आठ सेकंद लागत, आणि त्या आठ सेकंदांत झालेली दुरुस्ती त्या कामाला कळतच नव्हती. पडदा एक सांगत होता, यंत्र दुसरेच करत होते. 'मालफंक्शन 54' असा संदेश आला, ज्याचा अर्थ रुग्णालयात कुणालाच नीट सांगता येत नव्हता. तीनच आठवड्यांनी, 11 एप्रिलला, तिथेच पुन्हा तसे घडले.

कंपनीच्या लोकांना ती चूक परत घडवून दाखवता आली नव्हती. ती घडवली टायलरच्याच रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि त्या चालिकेने, दोघांनी यंत्रापाशी बसून, परत परत टाइप करून. गुपित वेगात होते. चालिका महिनोन्महिने तेच काम करून तरबेज झाली होती, म्हणून तिची दुरुस्ती आठ सेकंदांत होत होती. सावकाश टाइप करणाऱ्या तपासनिसांना ती फट कधी लागलीच नाही. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी 1993 मध्ये या सगळ्याचा जो तपशील प्रसिद्ध केला, तो सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावा.

म्हणून सर्व्हरची चाचणी एकट्याने क्लिक करून होत नाही. वाचणे आणि लिहिणे यांच्यामध्ये मुद्दाम अर्धा सेकंद झोप घालावी, मग दोन थ्रेडना एकाच दारात उभे करून एकदम सोडावे. फट असेल तर ती तिथल्या तिथे दिसते. नशिबाची वाट पाहावी लागत नाही. गो भाषेत रेस शोधणारे साधन सोबतच येते, सी आणि सी++ साठी थ्रेडसॅनिटायझर आहे. पण ही साधने एका प्रोग्रॅमच्या मेमरीपुरती पाहतात. दोन मशीनमधून डेटाबेसच्या एकाच ओळीवर होणारी शर्यत त्यांच्या नजरेत येत नाही.

तिथे उपयोगी पडते ते थेरॅकच्याच आधीच्या यंत्राचे उदाहरण. थेरॅक-20 च्या सॉफ्टवेअरमध्ये हीच चूक होती. पण त्या यंत्रात झोत चुकीच्या स्थितीत सुटू नये म्हणून स्वतंत्र विद्युत अडसर होते. चूक घडली की फ्यूज उडायचा आणि रुग्ण वाचायचा. थेरॅक-25 मध्ये ते अडसर काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली. डेटाबेसमध्ये 'उरलेल्या जागा शून्याखाली जाऊ शकत नाहीत', 'एका जागेला एकच नाव' अशी बंधने घालणे म्हणजे तो अडसर परत बसवणे. कोड कितीही तपासलेला असला तरी ती बंधने ठेवावीत. आणि ती कधी आडवी आली की लॉगमध्ये एक ओळ पडते, ती वाचावी. शिकागो विद्यापीठात थेरॅक-20 चे फ्यूज विद्यार्थ्यांची नवी तुकडी आली की वारंवार उडत. विद्यार्थी वेडीवाकडी बटणे दाबतात, त्रासदायक प्रकार आहे, म्हणून फ्यूज बदलून काम पुढे चालू राहायचे. टायलरची बातमी कळल्यावर तिथल्या भौतिकशास्त्रज्ञाने यंत्र तपासून पाहिले तेव्हा समजले की उडणारे फ्यूज त्याच चुकीकडे बोट दाखवत होते.